ज्यू स्त्रिया, हक्क आणि न्यायाची लढाई: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ज्यू स्त्रियांच्या सामाजिक चळवळींबद्दल वाचक जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. भर अमेरिकेवर आहे, कारण निम्म्याहून जास्त प्रश्न तिथलेच असतात. जर्मनी, दक्षिण आफ्रिका, इस्रायल आणि मुंबई गरजेपुरती येतात. एका उत्तरात आलेली गोष्ट दुसरीकडे पुन्हा सांगितलेली नाही, तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. ही एकच चळवळ आहे का? तिची मुख्य संघटना कोणती?

एक चळवळ नाही आणि एक संघटनाही नाही. अमेरिकेतली 'नॅशनल कौन्सिल ऑफ ज्युइश विमेन' (पुढे नुसतं 'कौन्सिल') ही सर्वांत जुन्या आणि मोठ्या संघटनांपैकी एक. ती १८९३ पासून चालू आहे. पण कारखान्यात संप करणाऱ्या पोरी कौन्सिलच्या सभासद नव्हत्या, आणि रब्बींच्या (ज्यू धर्मगुरूंच्या) न्यायालयाबाहेर फलक घेऊन उभ्या राहणाऱ्या बायकांचं जग तर आणखी वेगळं. शिवाय ज्यू घरात जन्मलेल्या पण धर्म न मानणाऱ्या कितीतरी जणी आहेत. त्यांना 'ज्यू स्त्रियांची चळवळ' या खात्यात टाकायचं की नाही यावर अभ्यासकांचंही एकमत नाही. मी टाकते, कारण त्यांच्या विरोधकांनी त्यांना ज्यू म्हणूनच ओळखलं.

२. सुरुवात कुठून धरायची?

अर्नेस्टिन रोझपासून. जन्म १८१०, पोलंडमधलं पिओत्रकुफ गाव, वडील रब्बी. आईच्या पश्चात आलेली मालमत्ता हुंडा म्हणून देऊन वडिलांनी लग्न ठरवलं. सोळाव्या वर्षी ही मुलगी एकटी न्यायालयात गेली आणि आपली मालमत्ता सोडवून घेऊन आली. १८३६ मध्ये न्यूयॉर्कला पोचल्यावर विवाहित स्त्रीला स्वतःच्या नावावर मालमत्ता ठेवता यावी म्हणून तिने दारोदार फिरून अर्जावर सह्या मागितल्या. मिळाल्या पाच. कायदा झाला १८४८ मध्ये. ती पुढे नास्तिक झाली, पण ज्यूंवर कोणी घसरलं की त्याला वर्तमानपत्रातून ठणकावून उत्तर द्यायची.

३. १८९३ ची शिकागोची सर्वधर्म परिषद म्हणजे विवेकानंदांचीच ना? तिथे ज्यू बायका काय करत होत्या?

होय, तीच. विवेकानंदांचं गाजलेलं भाषण ११ सप्टेंबरचं. त्याच महिन्यात, त्याच परिषदेचा भाग म्हणून ज्यू स्त्रियांची स्वतंत्र परिषद भरली. तिच्यामागे होत्या शिकागोच्या हॅना सॉलोमन. आधी त्या ज्यू पुरुषांच्या समितीबरोबर काम करायला तयार होत्या. कार्यक्रमात बायकांना बोलायला जागाच नाही, पाहुण्यांची सरबराई तेवढी करायची आहे, हे लक्षात आल्यावर त्यांनी तिथून काढता पाय घेतला आणि आपली वेगळी परिषद उभी केली. शेवटी एक कायमची संघटना काढायचं ठरलं. तीच कौन्सिल.

४. हे सगळं धर्मात सांगितलंय म्हणून करतात की धर्म बाजूला ठेवून?

दोन्ही. 'न्याय, न्यायाचाच पाठपुरावा कर' हे तोरा या ज्यू धर्मग्रंथातलं वाक्य कौन्सिलसारख्या संघटनांच्या भाषणांत हमखास येतं. क्लारा लेमलिचसारख्या कामगार पुढाऱ्यांना (प्रश्न ६) त्याची गरज वाटली नाही, त्यांचं बळ समाजवादातून आलं. धर्मातून प्रेरणा घेणाऱ्यांनाच धर्मातल्या पुरुषसत्तेशी दोन हात करावे लागले, हे प्रश्न १५ पासून पुढे येईल.

५. एलिस आयलंडवर कौन्सिल नेमकं काय करायची?

एलिस आयलंड हे न्यूयॉर्क बंदरातलं स्थलांतरितांच्या तपासणीचं बेट. तिथे एकट्या आलेल्या मुलींना कौन्सिल गाठायची. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रशियन साम्राज्यातून ज्यू कुटुंबं लोंढ्याने न्यूयॉर्कला येत होती. बंदरावर 'मी तुझ्या मामाचा मित्र' म्हणत पुढे होणारे दलाल असायचे आणि मुलगी थेट वेश्याव्यवसायात जायची. सरकारने विनंती केल्यावर कौन्सिलने तिथे यिडिश (पूर्व युरोपातल्या ज्यूंची भाषा) बोलणाऱ्या बायका नेमल्या. बारा ते तीस वर्षांच्या एकट्या मुली-बायकांना भेटायचं, त्यांच्याजवळ असलेला पत्ता खरा आहे का ते तपासायचं, घ्यायला आलेला माणूस खरंच नातेवाईक आहे का ते बघायचं, आणि नंतर घरी जाऊन मुलगी ठीक आहे ना याची खात्री करायची. या कामामागे सेडी अमेरिकन नावाच्या चिटणीस होत्या (आडनाव खरंच तसं होतं).

कौन्सिलने पुढे कायद्यांसाठी जो पाठपुरावा केला त्याचं मूळ मला एलिस आयलंडवरच्या या कामात दिसतं. १९२१ चा शेपर्ड-टाउनर कायदा, म्हणजे माता-बालकांच्या आरोग्यासाठी केंद्राने राज्यांना पैसे देण्याचा कायदा, त्याच्या पाठीशी ज्या स्त्री संघटना उभ्या होत्या त्यांत कौन्सिल होती.

६. क्लारा लेमलिच कोण? तिच्या एका भाषणाने संप झाला हे खरं की दंतकथा?

प्रसंग खरा आहे. त्याआधीची महिनोन्‌महिन्यांची मेहनत मात्र गोष्टीतून गळते.

न्यूयॉर्कमध्ये तेव्हा 'शर्टवेस्ट', म्हणजे पुढे बटणं असलेला बायकांचा ब्लाउज, शिवणारे शेकडो कारखाने होते. कामाला बहुतेक विशीच्या आतबाहेरच्या ज्यू आणि इटालियन मुली. सुई-दोऱ्याचे पैसे मजुरीतून कापायचे, मशीनच्या विजेचेही कापायचे, उशीर झाला की दंड. काही कारखान्यांत संप आधीच सुरू होता आणि पिकेटिंग करताना क्लाराला भाडोत्री गुंडांनी बरगड्या मोडेपर्यंत मारलं होतं.

२२ नोव्हेंबर १९०९ ला कूपर युनियनच्या सभागृहात मोठी सभा झाली. व्यासपीठावरचे पुढारी दोन तास सबुरीचं बोलत राहिले. तेवीस वर्षांची क्लारा उठली, बोलायची परवानगी मागितली आणि यिडिशमध्ये म्हणाली की आता बोलणी ऐकायचा धीर उरला नाही, सार्वत्रिक संपाचा ठराव मांडते. सभेने हात वर करून शपथ घेतली: मी फितूर झाले तर हा वर केलेला हात झडून जावो. ही जुन्या ज्यू शपथेची धाटणी. दुसऱ्या दिवसापासून हजारो मुली रस्त्यावर आल्या. इतिहासात याला 'वीस हजारांचा उठाव' म्हणतात. फेब्रुवारी १९१० मध्ये संप मिटला तोवर बहुतेक कारखान्यांनी युनियनशी करार केले होते.

क्लारा नंतर मालकांच्या काळ्या यादीत गेली, कम्युनिस्ट झाली, भाडेवाढ आणि महागाईविरुद्ध गृहिणींना संघटित करत राहिली. म्हातारपणी वृद्धाश्रमात राहायला गेल्यावर तिने तिथल्या सेवकांना युनियन काढायला मदत केली आणि शेतमजुरांना पाठिंबा म्हणून आश्रमाला द्राक्षांवर बहिष्कार घालायला लावला.

७. ट्रँगल कारखान्याची आग त्याच संपाशी जोडलेली आहे का?

हो, आणि ते जोडलेपणच अंगावर येतं. ट्रँगल हा संप झालेल्या कारखान्यांपैकीच एक. त्याने युनियनशी करार केला नाही.

२५ मार्च १९११, शनिवार, सुट्टीची वेळ होत आलेली. आठव्या मजल्यावर कापड बेतायच्या टेबलाखाली चिंध्यांच्या ढिगाला आग लागली. दहाव्या मजल्यावर, जिथे मालक बसायचे, फोन करून कळवलं गेलं. मधल्या नवव्या मजल्याला कोणी सांगितलंच नाही. तिथला एक दरवाजा कुलूपबंद होता, कारण घरी जाताना मुलींनी एकाच दाराने बाहेर पडावं आणि त्यांच्या पिशव्या तपासता याव्यात, कुणी कापडाचा तुकडा नेऊ नये. बाहेरचा लोखंडी जिना माणसांच्या भाराने कोसळला. अग्निशमन दलाच्या शिड्या सहाव्या मजल्यापर्यंतच पोचत होत्या. १४६ माणसं गेली, त्यांतल्या १२३ बायका आणि मुली.

मालक मॅक्स ब्लँक आणि आयझॅक हॅरिस निर्दोष सुटले. दिवाणी दाव्यांत १९१४ मध्ये ठरलेली भरपाई होती माणसामागे ७५ डॉलर.

आगीनंतर आठवडाभराने मेट्रोपॉलिटन ऑपेरा हाउसमध्ये शोकसभा झाली. टोप्या शिवणारी कामगार रोझ श्नायडरमन तिथे म्हणाली की, इथे येऊन गोड गोड बोलले तर त्या जळालेल्या देहांशी मी गद्दारी करेन. पुढे न्यूयॉर्क राज्याने चौकशी आयोग नेमला आणि त्यातून आग, कामाचे तास, कारखान्यांची तपासणी यांवर नवे कायदे झाले.

८. मालकही ज्यूच होते ना? मग 'ज्यू एकजूट' कुठे गेली?

होते. ट्रँगलचे दोघेही मालक ज्यू स्थलांतरित होते. ज्यू मालक विरुद्ध ज्यू कामगार हा त्या काळच्या न्यूयॉर्कमधला रोजचा सामना होता. त्यात आणखी एक दरी: जर्मनीहून आधी येऊन स्थिरावलेली सुखवस्तू घरं वरच्या भागात, आणि पूर्व युरोपातून नुकती आलेली गरीब माणसं खाली लोअर ईस्ट साइडला. कौन्सिलच्या बायका बहुतेक पहिल्या गटातल्या. त्यांच्या मदतीत 'तुम्हाला नीट अमेरिकन करतो' असा सूर होता आणि मदत घेणाऱ्यांना तो खुपायचा.

तरी काही जणींनी दरी ओलांडली. लिलियन वॉल्ड ही सुखवस्तू घरातली परिचारिका. तिने १८९३ मध्येच लोअर ईस्ट साइडला मुक्काम हलवला आणि घरोघर जाणाऱ्या परिचारिकांची सेवा उभी केली. हेन्री स्ट्रीट सेटलमेंट ती हीच. मॉड नेथनने वेगळा रस्ता धरला. दुकानात काम करणाऱ्या मुलींना नीट वागवणाऱ्या दुकानांची तिच्या ग्राहक संघाने 'पांढरी यादी' काढली आणि श्रीमंत बायकांना सांगितलं, खरेदी इथेच करा.

९. स्त्रियांच्या मताधिकाराला तरी सगळ्यांचा पाठिंबा असेलच?

इथे बरेच जण फसतात. वरच्या उत्तरातली मॉड नेथन मताधिकाराची खंदी पुरस्कर्ती. तिची सख्खी बहीण ॲनी नेथन मेयर, जिच्या खटपटीतून बर्नार्ड हे मुलींचं कॉलेज उभं राहिलं, ती मताधिकाराच्या विरोधात जाहीर लिहायची. कौन्सिलने संघटना म्हणून राष्ट्रीय पातळीवर मताधिकाराच्या बाजूने ठराव केलाच नाही, सभासदांमध्ये फूट पडेल या भीतीने. कामगार मुली मात्र ठाम होत्या. मत नाही म्हणून कारखान्याचे कायदे होत नाहीत, हे त्यांचं साधं गणित.

याहून गोंधळात टाकणारी गोष्ट समान हक्कांच्या घटनादुरुस्तीची. १९२० च्या दशकात ती पुढे आली तेव्हा रोझ श्नायडरमनसारख्या कामगार पुढाऱ्यांनी आणि कौन्सिलनेही तिला विरोध केला. कारण बायकांच्या कामाच्या तासांवर मर्यादा घालणारे, मोठ्या कष्टाने मिळवलेले कायदे 'समान वागणूक' म्हणताच रद्द झाले असते. कौन्सिल त्या दुरुस्तीच्या बाजूने आली ती पुढे काही दशकांनी. 'त्या वेळी त्या मागासलेल्या होत्या' असा शेरा मारण्याआधी शिवणयंत्रावर चौदा तास बसणाऱ्या बाईच्या बाजूने एकदा विचार करावा.

१०. ज्या कुठल्याच संघटनेत नव्हत्या, त्या घरच्या बायकांचं काय?

मे १९०२ चा मांसबहिष्कार बघा. न्यूयॉर्कमध्ये कोशर (ज्यू आहारनियमांत बसणारं) मांस पौंडाला १२ सेंटवरून १८ सेंटवर गेलं. चळवळीचा कसलाही अनुभव नसलेल्या बायकांनी गल्लोगल्ली फिरून बहिष्कार पुकारला, ऐकत नसलेल्या खाटकांच्या दुकानांत शिरून मांस रस्त्यावर फेकलं, अटक करून घेतली. शनिवारी त्या सिनेगॉगमध्ये गेल्या आणि तोराचं वाचन थांबवून पुरुषांकडे पाठिंबा मागितला. अन्याय झालेल्याने वाचन अडवून दाद मागायची जुनी रीत आहे. ती वापरायची पाळी बायकांनी स्वतःवर घेतली, ही नवी गोष्ट. जूनमध्ये भाव १४ सेंटवर आला. लाटणं मोर्चा पाहिलेल्या मराठी वाचकाला यात परकं काही वाटू नये.

११. फ्रॉइडची 'ॲना ओ.' ही रुग्ण पुढे स्त्री पुढारी झाली, हे खरं का?

खरं. तिचं नाव बर्था पापेनहाइम. मुळात ती फ्रॉइडचे सहकारी डॉक्टर ब्रॉयर यांची रुग्ण, फ्रॉइडनी तिला तपासलं नव्हतं. दोघांच्या १८९५ च्या पुस्तकामुळे घोटाळा होतो. तिने १९०४ मध्ये जर्मनीत ज्यू स्त्रियांचा महासंघ काढला आणि १९०७ मध्ये नॉय-इझेनबुर्ग इथे कुमारी माता आणि धोक्यात सापडलेल्या मुलींसाठी आश्रम.

मुलींच्या व्यापाराविरुद्ध ती पूर्व युरोपात हिंडली आणि या व्यापारात ज्यू दलालही आहेत, हे उघड बोलली. समाजातल्या मोठ्यांनी तिला गप्प करायचा प्रयत्न केला: घरची धुणी चव्हाट्यावर कशाला, ज्यूद्वेष्ट्यांच्या हातात कोलीत मिळेल. ही भीती खोटी नव्हती, नाझींनी असले मुद्दे वापरलेच. तरीही तिचं म्हणणं मला पटतं. गप्प राहिल्याने एकही मुलगी वाचली नसती. पापेनहाइम १९३६ मध्ये गेली. नोव्हेंबर १९३८ मध्ये नाझींनी ज्यूंवर केलेल्या हल्ल्यांत आश्रम जाळला गेला आणि महासंघ बंद करण्यात आला.

१२. या बायका फक्त ज्यूंसाठीच लढल्या का?

नाही. १९०९ मध्ये कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठीची एनएएसीपी ही संघटना उभी राहिली, तिच्या पायाभरणीत लिलियन वॉल्ड होती. दक्षिण आफ्रिकेच्या संसदेत १९६१ ते १९७४ अशी तेरा वर्षं हेलन सुझमन या आपल्या पक्षाच्या एकट्या खासदार म्हणून वर्णभेदाविरुद्ध बोलत राहिल्या. त्याच देशातल्या पत्रकार रुथ फर्स्ट यांना १९८२ मध्ये मोझांबिकमधल्या मापुटोत टपालातून आलेल्या बॉम्बने मारलं. सुझमन संसदेतल्या उदारमतवादी, फर्स्ट कम्युनिस्ट. दोघींना एका ओळीत बसवलेलं त्यांना स्वतःला आवडलं असतं की नाही, शंकाच आहे.

१३. गर्भपाताच्या हक्काच्या बाजूने ज्यू संघटना इतक्या पुढे कशा? धर्म आड येत नाही?

ज्यू धर्मशास्त्र इथे कॅथलिक शिकवणीपेक्षा वेगळं आहे. मिश्ना या जुन्या ज्यू नियमसंग्रहातला नियम असा की, बाळंतपणात बाईचा जीव धोक्यात असेल तर गर्भ कापून काढावा, कारण तिचा जीव आधी. बाळाचा बहुतांश भाग बाहेर आला की मग मात्र एका जिवासाठी दुसरा घ्यायचा नाही. म्हणून २०२२ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने हा घटनात्मक हक्क काढून घेतल्यावर, 'राज्यातली गर्भपातबंदी ही आमच्या धर्मस्वातंत्र्यावरच बंदी आहे' असा युक्तिवाद केंटकीतल्या तीन ज्यू स्त्रियांनी न्यायालयात मांडला. मात्र ऑर्थोडॉक्स रब्बी वरच्या नियमाचा अर्थ बराच आकसून लावतात. सगळे ज्यू एका बाजूला आहेत, असं समजू नये.

१४. गाझा आणि पॅलेस्टाइनबद्दल यांची भूमिका काय?

एक भूमिका नाही. 'विमेन इन ब्लॅक' १९८८ पासून काळे कपडे घालून ताब्यातल्या प्रदेशांवरच्या इस्रायली राजवटीविरुद्ध चौकात उभ्या राहतात. 'विमेन वेज पीस' २०१४ च्या गाझा युद्धानंतर निघाली. तिच्या संस्थापक सदस्यांपैकी व्हिव्हियन सिल्व्हर ४ ऑक्टोबर २०२३ ला पॅलेस्टिनी स्त्रियांबरोबरच्या संयुक्त शांतता कार्यक्रमात होत्या. तीन दिवसांनी हमासच्या हल्ल्यात बेएरी या किबुत्झमध्ये (सामुदायिक वसाहतीत) त्या मारल्या गेल्या.

त्या हल्ल्यातल्या लैंगिक अत्याचारांवर आंतरराष्ट्रीय स्त्री संघटना वेळेवर बोलल्या नाहीत, ही कौन्सिलसकट अनेकींची तक्रार होती. संयुक्त राष्ट्रांच्या प्रतिनिधी प्रमिला पॅटन यांच्या मार्च २०२४ च्या अहवालात असे अत्याचार झाल्याचं मानायला वाजवी आधार असल्याचं नोंदवलं आहे. दुसरीकडे गाझातल्या युद्धाविरुद्ध रस्त्यावर उतरलेल्या ज्यू स्त्रियाही कमी नाहीत. दोन्हीकडच्या बायका एकाच सिनेगॉगच्या सभासद असू शकतात.

१५. 'गेट' म्हणजे काय? दिवाणी घटस्फोट झाला तरी बाई अडकते कशी?

गेट हे घटस्फोटाचं धार्मिक पत्र. ते नवऱ्याने स्वखुशीने द्यायचं आणि बायकोने घ्यायचं. त्याने दिलं नाही तर ती धर्माच्या नजरेत विवाहितच राहते. अशा बाईला 'अगुना' म्हणतात. पोटगी सोड, घर सोड, मग देतो, अशी अडवणूक यातून सुरू होते.

न्यूयॉर्कने १९८३ मध्ये कायदा केला: घटस्फोट मागणाऱ्याने जोडीदाराच्या पुनर्विवाहातले अडथळे दूर केल्याचं सांगितल्याशिवाय दिवाणी घटस्फोट नाही. इस्रायलमध्ये ज्यूंची लग्नं आणि घटस्फोट रब्बींच्या न्यायालयाकडेच आहेत. तिथे १९९५ च्या कायद्याने अडून बसलेल्या नवऱ्याचा वाहन परवाना, पासपोर्ट, बँक खातं रोखता येतं, तुरुंगातही टाकता येतं. कॅनडातल्या एका नवऱ्याने लेखी कबूल करूनही पंधरा वर्षं गेट दिलं नाही. २००७ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने बायकोला ४७,५०० डॉलर भरपाई मंजूर केली. तिला गेट मिळालं तेव्हा ती ४६ वर्षांची होती.

१६. मग बायकोने गेट घ्यायला नकार दिला तर नवराही अडकतोच की?

अडकतो. साधारण हजार वर्षांपूर्वी रब्बी गेर्शोम यांच्या नावाने निघालेल्या हुकमाने युरोपातल्या ज्यूंमध्ये बायकोची संमतीही लागते. पण त्याला शंभर रब्बींच्या सह्यांनी दुसऱ्या लग्नाची सूट मिळू शकते, तिला अशी वाट नाही. आणि गेटशिवाय तिला दुसऱ्या पुरुषापासून मूल झालं तर ते 'मामझेर' ठरतं, त्याला सर्वसाधारण ज्यूशी लग्न करता येत नाही. नवऱ्याला अविवाहित बाईपासून झालेल्या मुलावर हा शिक्का बसत नाही.

१७. आपल्याकडच्या बेने इस्राएल (कोकणातल्या मराठी ज्यू) बायकांनी काही केलं का?

डॉ. जेरुशा झिराड यांचं नाव आधी घ्यावं. लंडनहून स्त्रीरोग आणि प्रसूतिशास्त्रात एम.डी. करून त्या परतल्या, पुढे १९२८ ते १९४७ मुंबईच्या कामा हॉस्पिटलच्या प्रमुख होत्या आणि बाळंतपणात बायका का मरतात याची शहरभर पाहणी केली. १९६६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. १९१३ मध्ये बेने इस्राएल स्त्री मंडळ स्थापन करण्यात त्यांचा पुढाकार होता. शिक्षणात रिबेका रूबेन. मुंबईच्या सर एली कदूरी शाळेच्या त्या दीर्घकाळ मुख्याध्यापिका होत्या.

१८. प्रश्न १६ मधला 'मामझेर'चा नियम मराठी ज्यूंना कधी बाधला का?

बाधला, आणि सगळ्या समाजाला एकदम. इस्रायलला गेलेल्या बेने इस्राएल कुटुंबांतल्या मुलामुलींची इतर ज्यूंशी लग्नं लावायला काही रब्बी नकार देऊ लागले. शंका अशी की कोकणात पिढ्यान्‌पिढ्या रब्बींशिवाय राहिलेल्या या लोकांचे घटस्फोट गेटच्या नियमाप्रमाणे झाले नसतील. १९६२ मध्ये मुख्य रब्बी मंडळाने निर्देश काढला: बेने इस्राएल वधू किंवा वर असेल तर आधीच्या पिढ्यांची चौकशी करा. मुंबईपासून जेरुसलेमपर्यंत निषेध झाला आणि १९६४ च्या उन्हाळ्यात बेने इस्राएल लोकांनी जेरुसलेममध्ये धरणं धरलं. त्या ऑगस्टमध्ये संसदेने जाहीर केलं की बेने इस्राएल सर्व बाबतींत इतर ज्यूंच्या बरोबरीचे आहेत. रब्बी मंडळाने निर्देश मागे घेतला नाही. त्यातलं 'बेने इस्राएल' हे नाव तेवढं काढलं आणि 'ज्यांच्या कुळाबद्दल शंका आहे असे कोणीही' असं लिहिलं.